माखटेल्डबाईंची बारा दारं

हार्लेममध्ये बिअर गाळणाऱ्यांच्या जुन्या गल्लीत एक बुटकं हिरवं दार आहे. जरा उंच माणूस असला की त्याला वाकल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. हे मुद्दाम केलंय, गवंड्याची चूक नाही, असं आत राहणारी म्हातारी फेम्मा आलेल्या प्रत्येकाला बजावून सांगायची. माखटेल्डबाईंच्या घरी यायचं तर मान खाली घालूनच यायचं, मग तुम्ही शहराचे नगराध्यक्ष का असेनात. हे सांगताना तिचा आवाज असा काही चढायचा, की दार तिनेच बसवलंय असं वाटावं.

दाराआड होफ्ये होतं, म्हणजे म्हाताऱ्या बायकांसाठीची धर्मादाय वस्ती. मधे चौक, चौकाच्या मधोमध पंप, आणि चौकाभोवती बारा घरं. पाच या ओळीत, पाच समोरच्या ओळीत, आणि मागच्या बागेच्या दाराच्या दोन्ही अंगांना एकेक. पंपापासून प्रत्येक उंबऱ्यापर्यंत पिवळ्या विटांचा पट्टा, विटा उभ्या बसवलेल्या, असे बारा पट्टे छत्रीच्या काड्यांसारखे सगळीकडे पसरलेले. बाराही घरं सारखी. सारखी म्हणजे किती सारखी, तर एक घर उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवलं तर चौकातल्या मांजराला पत्ता लागू नये.

फेम्माला या सारखेपणाचा फार अभिमान. ती सांगायची, माखटेल्डबाईंचा नवरा बिअरची भट्टी मागे ठेवून गेला, तेव्हा नातेवाईक म्हणाले, दुसरं लग्न करा. बाईंनी लग्न केलं नाही. भट्टी पाडली, भट्टीची विहीर तेवढी ठेवली, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या फरशा घासून गुडघे गेलेल्या बायकांसाठी विहिरीभोवती घरं बांधायला काढली. गवंड्याने नकाशा आणला त्यात एक घर मोठं होतं, सगळ्यांवर देखरेख करणाऱ्या बाईसाठी. माखटेल्डबाई म्हणाल्या, एक घर नीट मोज आणि तस्सं बारा वेळा बांध, एका विटेचा फरक दिसला तर पाडून पुन्हा बांधायला लावीन. दारांवर नावं नाहीत, आकडे नाहीत. पत्रं मुख्य दारातल्या एकाच पेटीत पडतात. आणि आत आली ती मेफ्रौ, म्हणजे लग्नाच्या बाईसारखी बाईसाहेब, मग ती विधवा असो की जन्माची कुमारिका. बाहेर गल्लीत बिनलग्नाच्या बाईला कोणी मेफ्रौ म्हणत नव्हतं, म्हणून फेम्माला हा नियम विशेष प्यारा होता. ती स्वतः बिनलग्नाची. जन्मभर श्रीमंतांच्या घरच्या लेसला कांजी घालून इस्त्री करत आली, आणि म्हातारपणी इथे येऊन एकदम मेफ्रौ झाली.

त्या लेसनेच तिचे डोळे खाल्ले होते. हे मात्र ती कोणाला सांगायची नाही.

आधी कडा पुसट झाल्या, मग मधलं गेलं, आणि आता उजेड आहे की अंधार एवढंच कळायचं. होफ्यात हे लपवणं अवघड गेलं नाही, त्याचं सगळं श्रेय त्या तीनशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याला. उभ्या विटांचा पट्टा लाकडी बुटाखाली लगेच कळतो. पट्टा सुटला की पाऊल सपाट विटांवर पडतं, परत वळवायचं. पंपाची नळी मुख्य दाराकडे तोंड करून आहे. नळीवर हात ठेवून त्याच दिशेला तोंड केलं की बरोबर उजव्या हाताला फेम्माचं घर, सावलीच्या ओळीतलं मधलं. डाव्या हाताला, उन्हाच्या ओळीतलं मधलं, ते बार्ताचं. काठीची गरज नाही, कोणाच्या हाताची गरज नाही. शनिवारी सगळ्या बायका उंबरे घासायच्या तेव्हा फेम्माचा उंबरा सगळ्यांत आधी ओला असायचा.

लपवायचं कारण साधं होतं. जिला आपलं आपण करता येत नाही तिला होफ्यात राहता येत नव्हतं. तिची रवानगी शहराबाहेरच्या मोठ्या आश्रमात. तिथे लांबच लांब खोली, ओळीने खाटा, आणि स्वतःचं म्हणायला खाटेशेजारचं एक कपाट. फेम्मा एकदा तिथे कोणाला तरी भेटून आली होती. परत आल्यावर आपल्या घराचं दार आतून लावून कितीतरी वेळ नुसती उभी राहिली होती.

बार्ताबद्दल सांगायला हवं. बार्ता जहाजावरच्या स्वयंपाक्याची विधवा, हाडापेराने मोठी, तोंडाने त्याहून मोठी. कित्येक वर्षं वाट बघून तिला उन्हाच्या ओळीतलं घर मिळालं होतं. त्या उन्हात तिने जिरेनियमच्या कुंड्या लावल्या होत्या, आणि खिडकीबाहेर एक छोटा आरसा, म्हणजे खुर्चीतून न उठता कोण आलं कोण गेलं ते दिसावं. एकदा पाहुण्यांना फिरवताना फेम्मा त्या खिडकीसमोर थांबली आणि म्हणाली, या घरात आमचं पोलीस ठाणं आहे. पाहुणे हसले. खिडकी उघडली आणि बार्ता म्हणाली, तुझं रोजचं भाषण ऐकून माझी झाडं वाळायला लागलीत. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. समोरासमोर दारं असूनही फेम्माने बार्ताच्या घरात कधी पाऊल टाकलं नव्हतं.

तर त्या सप्टेंबरात ग्रोनिंगेनहून शाळामास्तरांचा एक घोळका होफ्ये बघायला आला. युद्ध संपून दहाएक वर्षं झाली होती, लोक पुन्हा जुन्या वास्तू बघत हिंडायला लागले होते. फेम्मा आदल्या दिवशी सर्दीने अंथरुणात होती, पण पाहुणे म्हटल्यावर टोपी घालून हजर झाली. बुटक्या दाराची गोष्ट झाली, विहिरीची झाली. घरातल्या भिंतीतल्या पलंगाची झाली, तो इतका आखूड की जुन्या काळच्या बायका बसल्या बसल्याच झोपायच्या, कारण आडवी निजतात ती मेलेली माणसं अशी समजूत. मास्तर माना डोलवत होते. मग फेम्माने सगळ्यांना मागे वळवलं आणि मुख्य दाराच्या आतल्या बाजूला, कमानीवर बोट दाखवलं.

तिथे माखटेल्डबाईंचा दगड होता. हातात बिअरचा घडा घेतलेल्या, लाल झग्यातल्या बाई. फेम्मा रंगून सांगू लागली, बघा, बाईंची नजर बरोबर पंपावर आहे, आणि घड्याचा कान तुटलाय बघा, तो एका दंगलीतल्या धोंड्याने.

मास्तर एकमेकांकडे बघू लागले. एकाने भीतभीत विचारलं, दगड नक्की कुठे?

"डोळ्यांसमोर आहे आणि दिसत नाही?" फेम्मा म्हणाली. "मास्तर, चष्मा बदलून घ्या."

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं. दगड तिथे नव्हताच. रंग द्यायला म्हणून रंगाऱ्याने तो आदल्या दिवशी उतरवून नेला होता. कमानीवर नुसतं भगदाड आणि त्यावर गोणपाट. चौकातल्या सगळ्या बायकांनी ते पाहिलं होतं, आणि जे सगळ्यांना दिसतं ते कोणी कोणाला सांगायला जात नाही. फेम्माला त्या शांततेतच कळलं की काहीतरी फार मोठं चुकलंय. तेवढ्यात मास्तरांच्या मागून कोणीतरी घसा खाकरला. तो आवाज तिने एकदाच ऐकला होता, पण ओळखला. मेनेर क्वास्ट, होफ्याचे नवे विश्वस्त.

क्वास्ट वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकते. वडिलांच्या जागी नुकताच आलेला, पेशाने नोटरी, सगळं नियमाने व्हावं एवढाच त्याचा हट्ट. विश्वस्त लोक मुख्य दारावरच्या त्यांच्या खोलीत बसत, बायकांनीच जिना चढून त्यांच्याकडे जायचं असे. कोणती बाई कुठल्या दाराआड राहते हे नव्या क्वास्टला माहीत असायचं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने फेम्माला वर बोलावलं. सोनेरी चामड्याने मढवलेल्या भिंतींच्या त्या खोलीत तिला खुर्ची दिली आणि फार हळू आवाजात म्हणाला, डोळे जाणं हा काही गुन्हा नाही, आश्रमातल्या बाईंशी मी स्वतः बोलेन, खिडकीजवळची खाट मागून घेईन.

फेम्माची जीभ गप्प राहीना. ती म्हणाली, मेनेर, तुमच्या पाठीमागे शेकोटीवर काय कोरलंय ते वाचा.

त्याने वळून वाचलं. 'जी पंपावरून भरली बादली आपल्या हाताने आपल्या घरी नेते, तिला इथून कोणी हलवू नये.' घराघरांत नळ येऊन वर्षं झाली होती, त्या ओळीकडे आताशा कोणी बघतही नसे. पण क्वास्ट नोटरी होता. लिहिलेलं म्हणजे लिहिलेलं, मग ते कागदावर असो की दगडावर.

"नेऊन दाखवता?" त्याने विचारलं.

"आत्ता दाखवते," फेम्मा म्हणाली.

जिन्याखालची पितळी बादली घेऊन दोघं चौकात आली. आभाळ भरलेलं, उन्हाचा कुठे लवलेश नाही. चौकात चिटपाखरू नव्हतं, पण पडद्यांमागे अकरा जणी उभ्या असणार हे फेम्माला न बघता कळत होतं. ती पट्ट्यावरून सरळ पंपापाशी गेली, बादली नळीखाली अडकवली, दांडा मारला. पाणी काठोकाठ आल्याचं तिला आवाजावरून समजलं. बादली उचलली. नळीच्या दिशेला तोंड, उजवीकडे वळायचं, बस्स. मनातल्या मनात ती आश्रमातल्या खाटेला टाटा करून मोकळी झाली होती.

आणि नेमका क्वास्ट म्हणाला, माफ करा हं, भरली आहे ना तेवढं बघतो. त्याने बादली तिच्या हातातून घेतली, वजन बघितलं, पंपाला वळसा घालून पलीकडून तिच्यासमोर आला आणि कौतुकाने म्हणाला, माझ्या बायकोलाही हे जमणार नाही. फेम्मा त्याच्या आवाजाबरोबर वळली होती. बादली परत हातात आली तेव्हा आपलं तोंड कुठल्या बाजूला आहे याची तिला पक्की खात्री उरली नव्हती.

एकच करायचं होतं. हात पुढे करून नळी चाचपायची. पण चाचपणं म्हणजे आंधळेपणाची कबुलीच, आणि तेही त्याच्या नाकासमोर. आयुष्यभर मानेने जगलेली बाई, नेमकी तिथेच अडली. असंच असणार, असं स्वतःला सांगून तिने बुटाने विटा शोधल्या. पट्टा लागला. ती ताठ मानेने चालू लागली, बादलीतलं थेंबभर पाणी सांडलं नाही. मागून क्वास्ट येत होता. उंबरा आला. तिने कडीकडे हात नेला आणि मनगटाला गार, लवदार पान लागलं. जिरेनियमचा तो उग्र वास सरळ नाकात गेला.

फेम्माच्या दारात कधी काही उगवलं नव्हतं. सावलीत काय उगवणार?

मेल्याने एका विटेचाही फरक ठेवला नाही, असं तिच्या मनात आलं. तीनशे वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्या गवंड्याला शिवी दिली असेल. हातात भरली बादली, मागे नोटरी, पुढे वैरिणीचं दार. मागे फिरावं तर संपलं, कडी उघडावी तरी संपलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मागे नोटरी असताना ते पुसायचीही सोय नव्हती.

दार आतून उघडलं.

"किती वेळ गं पाण्याला?" बार्ताचा आवाज, नेहमीसारखा खणखणीत. "केव्हाची तुझ्या घरात येऊन बसलेय, आणि तुझा कॉफीचा डबा काही सापडत नाही मला. अगं, हे मेनेर वाटतं? त्यांना दारात काय उभं केलंस, आत घे की तुझ्या पाहुण्यांना."

'तुझ्या घरात' या शब्दांवर तिने असा काही जोर दिला की फेम्माला समजायला क्षणही लागला नाही. ती आत शिरली. आणि तिथेच माखटेल्डबाईंनी गवंड्याला दिलेला दम कामाला आला. उंबऱ्यापासून डाव्या हाताला मोरीचा दगड, जसा तिच्या घरात तसाच. तिने बादली सरळ नेऊन त्यावर ठेवली. उजवीकडे शेकोटी, शेकोटीशेजारी भिंतीतलं कपाट, टेबल खिडकीखाली, कारण एवढ्याशा घरात ते दुसरीकडे मावतच नाही. जन्मात पहिल्यांदा आलेल्या घरात ती मालकिणीसारखी वावरली. कॉफी केली, कप बार्ताने आधीच टेबलावर काढून ठेवले होते. बिस्किटांचा डबा पुढे केला, क्वास्टने एक घेतलं, आणि पाहुण्याला एकच द्यायचं या घरंदाज रीतीप्रमाणे तिने लगेच झाकण लावून टाकलं. त्या झाकणाच्या आवाजाने क्वास्टची उरलीसुरली शंका फिटली असावी.

तो खुशीत इकडेतिकडे बघू लागला. मग शेकोटीवरच्या भिंतीकडे बघून त्याने विचारलं, "हे तुमचे यजमान का?"

फेम्माचा हात कपावरच राहिला. तिथे फोटो आहे हेही तिला माहीत नव्हतं.

"तिचेच," बार्ता म्हणाली. "जहाजावर होते. युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात बोट बुडाली. विचारू नका मेनेर, तिला अजून बोलवत नाही." एवढं बोलून बार्ताचाच आवाज फुटला. तिने नाक शिंकरलं आणि कॉफी फार कडक झाली म्हणून उगाच तक्रार केली.

क्वास्ट उठला. दोघींशी हस्तांदोलन करून म्हणाला, मेफ्रौ, तुम्हाला इथून कोणी हलवणार नाही, नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायला मी स्वतः याच घरी येईन. बाहेर पडताना त्याचं डोकं चौकटीला आपटलं, तेवढं मात्र दोघींना बरं वाटलं.

दार लागल्यावर बार्ताने कप गोळा केले. मग फेम्माने विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं?

"तू रोज सकाळी माझ्या आरशाला जीभ दाखवून जातेस," बार्ता म्हणाली. "आरसा वसंतातच वादळात फुटला, मी काढून टाकला. तू अजून भिंतीला जीभ दाखवतेस."

फेम्माला हसूही येईना आणि रडूही येईना. ती म्हणाली, मी जाऊन त्यांना खरं सांगून टाकते. बार्ता म्हणाली, सांग की, मग विश्वस्तांना फसवलं म्हणून तुझ्याआधी माझं सामान दाराबाहेर. मग तिने जे ठरवूनच ठेवलं होतं ते सांगितलं. जानेवारीत साहेब येतील तेव्हा फेम्मा याच घरात सापडायला हवी. नुसतं नाटक करून चालणार नाही, तो माणूस मधेच कधीही टपकेल. तेव्हा या आठवड्यात सामान इकडचं तिकडे. बाकीच्या दहा जणींना ती बघून घेईल, त्यांच्या तोंडाला कुलूप घालणं तिला नवं नव्हतं.

"उन्हाचं घर आहे तुझं," फेम्मा म्हणाली. "किती वर्षं थांबलीस यासाठी. मला ऊन दिसत तरी कुठे, बार्ता?"

"दिसत नाही. पण लागतं ना?"



सामान हलवायला दोन दुपारी पुरल्या. दोघींचं मिळून होतंच किती. सगळ्या जणी मदतीला आल्या, एकीनेही कारण विचारलं नाही. ढकलत नेलेलं कपाट तिकडच्या कोनाड्यात टाळी वाजवावी तसं बसलं, तिकडचं इकडे बसलं. नेलेले पडदे तिकडच्या खिडकीला बोटभरही कमीजास्त झाले नाहीत. गवंड्याला दिलेली शिवी फेम्माने मनातल्या मनात परत घेतली. असा माणूस पुन्हा होणार नाही, असं ती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. जिरेनियम सावलीत जगणार नाही म्हणून कुंड्या उन्हाच्या घरापाशीच राहिल्या. पाणी मात्र मीच घालणार, तू बुडवून मारशील, असं बार्ताने बजावलं.

शेवटी फक्त फोटो उरला. फेम्माने तो खुंटीवरून चाचपत काढला, फडक्याने काच पुसली आणि बार्ताच्या दिशेने धरला. हा तरी घेऊन जा, ती म्हणाली. साहेबांना सांगू, पुन्हा काच बसवायला दिलाय. बार्ताने फोटो हातात घेतला. थोड्या वेळाने खुंटीवर दोरी अडकवल्याचा आवाज आला. तो परत जागच्या जागी गेला होता.

"साहेबांनी नाव विचारलं तर?" बार्ता म्हणाली. "यान म्हणायचं. यान हुब्रेख्त."

बाहेर ऊन पडलं होतं. खुर्चीत बसलेल्या फेम्माच्या गुडघ्यांवर ते आलं, मग मांडीवर चढलं. तिने खुर्ची जराशी सरकवली, म्हणजे दुसरी खुर्चीही त्या उन्हात येईल.

"नुसत्या नावाने काय होतंय," ती म्हणाली. "बायको म्हणवून घ्यायचं तर तो दिसतो कसा ते मला माहीत नको?"

बार्ता दुसऱ्या खुर्चीत बसली. बोट गेल्यापासून तिला हे कोणी विचारलं नव्हतं. ती आधी म्हणाली, दिसतो आपला चारचौघांसारखा. मग जरा थांबून म्हणाली, नाही, कान मोठे आहेत, टोपी कानांवरच बसायची. मग भुवया सांगितल्या, हनुवटीवरची भाजल्याची खूण सांगितली, हसताना एक डोळा आधी मिटायचा ते सांगितलं. ऊन भिंतीवर चढून फोटोच्याही वर गेलं, तरी तिचं सांगणं चालूच होतं.